त्रिमूर्तीनगरचं अडेनियम: एका मूळकुजीची हकिगत

७ जुलै २०२४, रविवार. पहाटेपासून झडी लागलेली. काकूंचा फोन आला, "भाऊ, आमचं अडेनियम बुंध्यात नरम पडून राहिलं. येऊन जा ना एकदा."

गच्चीवरच्या झाडांची कामं मी गेली काही वर्षं नागपुरात घेतो. कुंड्या बदलणं, छाटणी, रोगराई, बस. पावसाळ्यात येणाऱ्या फोनांमध्ये अडेनियमचे, म्हणजे वाळवंटी गुलाबाचे, फोन बरेच असतात आणि बहुतेकांची गोष्ट एकाच ओळीत संपते: पावसात राहिलं, सडलं, गेलं. त्रिमूर्तीनगरच्या या झाडाची हकिगत लिहून ठेवतोय, कारण इथे पाऊस हा मुख्य आरोपी नव्हता. आणि पहिल्या भेटीत निदान चुकलं ते माझंच.

झाडाची कुळकथा आधी सांगतो. काकांनी २०१३ साली, सिंचन खात्यातून निवृत्त झाले त्या वर्षी, हे झाड आणलं होतं. गुलाबी दुहेरी पाकळ्यांचं, कलम केलेलं. दहा वर्षं ते गच्चीच्या पश्चिमेच्या कठड्याजवळ सिमेंटच्या एका गमल्यात होतं, डोक्यावर सावली म्हणून काही नाही. त्यातच २०१८च्या डिसेंबरात नागपूरचा पारा साडेतीन अंशांवर उतरला ती रात्र गेली, दर वर्षीचा नवतपा, मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, गेला. बुंध्याचा गड्डा छोट्या भोपळ्याएवढा झाला. काकू निवृत्त गणित शिक्षिका. त्यांच्या सांगण्यानुसार झाडाला "कधी काही केलं नाही", आणि तेच त्याच्या तब्येतीचं गुपित होतं असं त्या मानत. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं पुढे कळलं: त्या जुन्या गमल्याला तळापासून वीतभर तडा गेलेला होता. पडलेलं सगळं पाणी तिथून निघून जायचं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या लेकीने आईला भेट म्हणून निळ्या चकाकीची चिनीमातीची देखणी कुंडी दिली. बारा इंची, तळाला अंगठ्याएवढं एक भोक, खाली तसलीच निळी बशी. नेहमीच्या माळ्याने झाड तिच्यात बसवलं आणि मुळांच्या गोळ्याभोवती उरलेल्या जागेत काळी माती आणि शेणखत ठासून भरलं. त्याच्या बाजूने बोलायचं तर नागपुरात कुंडी भरायची म्हणजे हेच भरतात.

मार्च-एप्रिल झाड मजेत होतं, फुललंही. मग आला ३० मे. त्या दिवशी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि टीव्हीवाल्यांनी दिवसभर तोच आकडा फिरवला. सेन्सर बिघडला होता, खरं तापमान ४४च्या आसपास होतं, हे हवामान खात्याने नंतर सांगितलं. पण तोवर काकूंनी दोन शेजाऱ्यांना हाताशी धरून कुंडी उचलून जिन्याच्या बाजूला हिरव्या जाळीखाली आणली होती. "छप्पन्न म्हणजे बाप्पा, माणूस राहत नाही तर झाड कसं राहणार?" हा त्यांचा प्रश्न. ४७.९ अंशांचा २०१३चा उन्हाळा याच झाडाने उघड्यावर काढला होता, हे त्या घाईत कोणाच्या लक्षात येणार.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळू लागल्या. काकूंनी उन्हाची झळ समजून पाण्याचा एक तांब्या वाढवला. जुलै उजाडेपर्यंत पानं पिवळी पडून गळायला लागली आणि गड्ड्याला बोट लावलं की एका बाजूला पिकल्या चिकूसारखं दबायला लागलं.

मी गेलो तेव्हा काय पाहिलं? वरची माती बोटभर खोल जेमतेम ओलसर. बशीत पाणी नाही, ती काकूंनी आदल्याच दिवशी काढली होती. पान गळतंय, गड्डा तीन बाजूंनी टणक, एका बाजूला रुपयाएवढा मऊ डाग. बाहेर आठवडाभराची झडी. माझं निदान तयारच होतं: पावसाचं पाणी. कुंडी छताखाली घ्या, दहा दिवस थेंबभर पाणी देऊ नका, डागावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची भुकटी लावा. झाड उपटून मुळं पाहायला हवी होती. पाहिली नाहीत. भर पावसाळ्यात मुळांना हात लावला की दुखापत आणखी कुजते, हा ठोकताळा मी वापरला. ठोकताळा तसा चुकीचा नाही. पण गड्डा मऊ लागला म्हणजे कुज आधीच आत शिरलेली असते, मग मुळांना जपण्यात काही अर्थ उरत नाही. हे मला ठाऊक असूनही मी सोपा सल्ला दिला आणि चहा पिऊन निघालो.

निघताना एक काम मात्र चांगलं केलं. दारावरच्या रद्दीवाल्याकडून घेतलेला जुना पाटकाटा माझ्या गाडीत असतो, तो ठेवून आलो. "रोज सकाळ-संध्याकाळ कुंडीचं वजन लिहा," म्हटलं. गणिताच्या बाईंना असं काम सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी रकाने आखले.

पाच दिवसांनी त्यांचा फोन. आवाजात काळजीपेक्षा कुतूहल जास्त. "भाऊ, तुमचा काटा खराब आहे का? काल संध्याकाळी २६.३ किलो, आज सकाळी २७.७. परवाही असंच. दिवसा घटतं, रात्री वाढतं."

कुंडी छताखाली. रात्री पाऊस आला तरी तिथे पोचत नाही. काट्यावर काकूंनी पाच किलोचं तांदळाचं पोतं ठेवून पाहिलं, बरोबर पाच. मग वाढलेला १.४ किलो कुठून आला? पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे गणित त्यांना मी शिकवावं असं नव्हतंच. कोणीतरी जवळजवळ दीड लिटर पाणी रात्रीतून घालत होतं.

दुसऱ्या दिवशी काकू पावणेपाचला उठून जिन्यात बसल्या. सव्वापाचला काका आले, हातात बादली.

काकांची बाजू ऐकली तर त्यांना दोष देणं अवघड जातं. आयुष्य कालव्याच्या पाण्याचा हिशोब ठेवण्यात गेलं. घरातलं पाणी मोरीत वाहून जाताना त्यांना पाहवत नाही. उन्हाळाभर ते कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालत, आणि कूलर बंद झाल्यावर आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी रात्रभर बादलीत साठवून पहाटे गच्चीवर नेत. काकू ओरडतात म्हणून पहाटे. "मी काय विष घातलं का?" त्यांनी विचारलं. विष नाही. पण त्या पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नागपुरात हे घरोघरी चालतं.

कूलर चालतो तो पाण्याची वाफ करून. मे महिन्यात साठ लिटरची टाकी दिवसाला एकदा तरी भरावी लागते. उडतं ते निव्वळ पाणी, त्यातले क्षार मागेच राहतात. सहा दिवस टाकी धुतली नाही तर सहा-सात टाक्यांचे क्षार एका टाकीत गोळा होतात. काही ताट्यांवर चिकटतात, खसावरचा तो पांढरा कडक थर म्हणजे तेच. पुढच्या एप्रिलमध्ये मी काकांच्याच कूलरचं पाणी टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या, छोट्या मीटरने मोजलं. नळाचं २१०, सहाव्या दिवशी टाकीतलं १,१४०. आरओतून वाया जाणारं पाणी एवढं वाईट नसतं, ते ३६० भरलं. जूनमध्ये पानांच्या कडा जळाल्या त्या उन्हाने नव्हे, या क्षारांनी, असं माझं मत आहे. कारण कडा जळू लागल्या तेव्हा झाड सावलीत येऊन दहा दिवस झाले होते. कुंडीच्या काठावर आतून मिठासारखी पांढरी रेघही होती. मी ती पहिल्या भेटीत पाहिली होती आणि चकाकीचा भाग समजलो होतो.

पण झाड मेलं असतं ते क्षारांनी नाही. क्षारांनी फक्त दिशाभूल केली. कडा वाळल्या, काकूंना वाटलं तहान लागली, त्यांनी पाणी वाढवलं. दोन माणसं एकमेकांच्या नकळत पाणी देत होती, खाली चकाकीची कुंडी, भोवती काळी माती, वर हिरवी जाळी. या चार गोष्टींपैकी कोणतीही एकच असती तर झाडाने निभावलं असतं. जुन्या गमल्यात काकांनी रोज बादली ओतली असती तरी तड्यातून गेली असती. भर उन्हात चिनीमातीची कुंडीही कदाचित तरली असती.

इथे अडेनियमच्या स्वभावाबद्दल दोन शब्द. वाळवंटी गुलाब हे त्याचं बाजारातलं नाव, आणि त्यातले दोन्ही शब्द फसवे आहेत. गुलाबाशी त्याचं काही नातं नाही. कण्हेर, रुई, तगर, चाफा, सदाफुली ही त्याची भावकी. पान तोडलं की चीक येतो तो या घराण्याचाच. युरोपीय शास्त्रात त्याची पहिली नोंद डेन्मार्कच्या अरबस्तान मोहिमेतला वनस्पतीतज्ज्ञ पीटर फोर्स्कॉल याने येमेनमध्ये केली. तो १७६३ साली तिथेच मलेरियाने गेला. त्या मोहिमेतून एकटा कार्स्टन नीबूर जिवंत परतला, तोही मुंबईमार्गे, आणि मित्राच्या टिपणांचं पुस्तक त्याने १७७५ मध्ये छापलं. त्यात हे झाड कण्हेरीच्याच प्रजातीत घातलेलं आहे, पुढे 'ओबेसम' म्हणजे लठ्ठ हे विशेषण लावून. लठ्ठ कण्हेर. मला हे नाव वाळवंटी गुलाबापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं, कारण कण्हेरीला पाणी वर्ज्य आहे असं कोणी म्हणत नाही.

आणि वाळवंट? अरबस्तानच्या दक्षिणेपासून सहाराच्या खालच्या कोरड्या पट्ट्यात, पूर्व आफ्रिकेत हे झुडूप वाढतं. तिथे पाऊस कमी असला तरी येतो, आणि येतो तो उष्ण दिवसांत. खडकाच्या फटीत, मुरमाड जमिनीत, पाणी पडलं की तासाभरात खाली उतरतं. झाड गड्ड्यात साठा करून घेतं, पान फोडतं, पुढच्या कोरड्या महिन्यांत पान टाकून बसून राहतं. म्हणजे त्याला पाण्याचा तिटकारा नाही. साचलेल्या पाण्याचा आहे, आणि थंड-ढगाळ हवेतल्या ओलीचा. नागपूरच्या मे महिन्यातली भट्टी त्याला माहेरासारखी, जुलैतली झडी सासरवासासारखी. आपण मात्र मेमध्ये "वाळवंटातलं आहे" म्हणून त्याला तहानलेलं ठेवतो आणि जुलैत कुंड्यांच्या रांगेत पावसात सोडून देतो.

२१ जुलैला झाड उपटलं. कुंडी आडवी करून ठोकली तर मातीचा गोळा साबणाच्या वडीसारखा सरकत बाहेर आला आणि सडक्या बटाट्याचा वास सुटला. जुन्या मुळांचा गोळा मध्यभागी, भोवती चार बोटं जाडीची नवी काळी माती, आणि त्या मातीत एकही पांढरं मूळ शिरलेलं नाही. पाच महिन्यांत एकही नाही. कुंडी झाडाच्या मानाने मोठी घेतली की हे होतं. मुळं नसलेल्या मातीतलं पाणी प्यायला कोणी नसतं, ते तिथेच बसतं. त्यात आपली काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीची. शेतात ती पाणी धरते म्हणून कापूस पिकतो, तोच गुण कुंडीत गळ्याशी येतो. तळाची मुळं हातात धरून ओढली की साल सुटून हातात येत होती आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरत होता. मूळकुजीची ही ओळख एकदा बोटांना कळली की पुन्हा विसरत नाही.

कापायच्या आधी विमा उतरवला. वरच्या फांद्यांची चार टोकं काढून माझ्याकडच्या दोन वर्षांच्या बियांच्या रोपांवर पाचर कलमं बांधली, प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या. दमट हवेत कलमं बुरशीने जातात, चारातली दोन गेलीच. पण दोन लागली, म्हणजे ही गुलाबी दुहेरी जात तरी हातची सुटणार नव्हती. बी पेरून ती मिळत नाही, बियांच्या रोपाला कोणतं फूल येईल ते फुलल्यावरच कळतं.

मग हातमोजे घालून सुरी. हातमोज्यांचा आग्रह मी धरतो. या चिकात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत, आफ्रिकेत शिकारी तो बाणांच्या टोकांना लावत. एकदा मी बोटाला लागलेल्या चिकानेच डोळा चोळला होता आणि संध्याकाळभर डोळ्यावर पाणी मारत बसलो होतो. काकू पदर खोचून मदतीला बसल्या, त्यांनाही मोजे दिले.

प्रत्येक कापानंतर पातं स्पिरिटने पुसायचं, नाहीतर कुज आपणच पुढे नेतो. मऊ भाग काढला, त्याखाली तपकिरी भाग, त्याखाली पांढऱ्या गरात विखुरलेले तपकिरी ठिपके. इथे थांबायचा मोह होतो, एवढं काय ठिपक्यांनी होणार. पण बुरशी त्या ठिपक्यांतूनच वर चढते. शेवटचा ठिपका जाईपर्यंत चकत्या काढत गेलो. गड्ड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आणि सगळी मुळं गेली. काकूंच्या समोर उरलेलं झाड म्हणजे तिरका कापलेला दुधीचा तुकडा, वर तीन फांद्या. त्या काही बोलल्या नाहीत. काका दारातून पाहत होते, तेही नाहीत.

चीक थांबेपर्यंत जखमेवर पाण्याचा फवारा, मग कॉपर ऑक्सिक्लोराइडचा घट्ट लेप. हळद लावली तरी चालते का, असं काकूंनी विचारलं. लावणारे पुष्कळ आहेत. माझा भरवसा कॉपरवर जास्त. खरं औषध मात्र सुकणं, आणि जुलैच्या हवेत काही सुकवणं म्हणजे पापड वाळवण्याइतकंच कठीण. बैठकीच्या खोलीत कागदावर झाड आडवं ठेवलं आणि टेबलपंखा रात्रंदिवस लावला. बारा दिवस. पाहुणे येऊन विचारत, हे काय पंख्याखाली निजवलंय?

या बारा दिवसांत नवी भर तयार केली. कन्हानची रेती बांधकामावरून आणून चाळली. सगळे चाळणीखालची बारीक रेती घेतात, मी वर उरलेले खडे घेतो, धुऊन. त्याचे तीन भाग. विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे चार भाग, वीट सच्छिद्र असते, थोडी ओल धरते आणि हवाही ठेवते. भंडाऱ्याकडून आणलेली धानाची जळकी तूस दोन भाग. कंपोस्ट एक भाग. काळी माती शून्य. नारळाच्या काथ्याचं कोकोपीटही नाही, आपल्या झडीत ते आठ-आठ दिवस स्पंज होऊन बसतं. फरक पाहायला काकूंनी दोन्ही कुंड्यांत एकेक लिटर पाणी ओतून घड्याळ लावलं. जुन्या मातीवर पाणी अकरा मिनिटं उभं राहिलं. नव्या भरीतून वीस सेकंदांत आरपार. कुंडी घेतली मातीची, उथळ, पसरट, गड्ड्याच्या दीडपट रुंद, तळाला पाच भोकं. निळी कुंडी आता बैठकीत छत्र्या ठेवायला आहे, लेकीला तसं सांगितलेलं नाही.

२ ऑगस्टला झाड कोरड्या भरीवर नुसतं टेकवलं, दोन विटांनी आधार दिला. दहा दिवस पाणी नाही. मग दोन-तीन दिवसांआड फवारा. विसाव्या दिवशी फांद्यांच्या टोकांना हिरवे कोंब आले, काकूंनी पेढे आणायची तयारी केली. मी थांबवलं. मुळं नसतानाही गड्डा आपल्या साठ्यावर पानं फोडतो, बाजारातून आणलेल्या फुलाच्या दांडीला पाण्यात कळी उमलते तसं. साठा संपला की कोंब सुकतात. या टप्प्यावर लोक खुश होऊन पाणी सुरू करतात आणि बिनमुळाच्या जखमेला पुन्हा कुज लागते. खूण कोंबात पाहायची नाही. झाड हळूच हलवून पाहायचं, ते भरीला धरून आहे का.

ऑगस्टच्या शेवटी ते कोंब रातोरात कुरतडलेले दिसले. माझ्या पोटात गोळा आला. पाहिलं तर अंगठ्याएवढी हिरवी अळी, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके. कण्हेरीवरच्या पतंगाची. भावकीतली म्हणून अडेनियमवरही येते. उचलून अंगणातल्या कण्हेरीवर सोडली, विषय संपला.

३ सप्टेंबरला, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, रस्त्यावर पोरांचे लाकडी बैल सजत होते आणि काकूंनी फोनवर सांगितलं, "हलत नाही हो आता. धरलंय." बाजूची भर चमच्याने सारून पाहिली तर दोन पांढरी मुळं.

तिथून पुढे प्रश्न उरला तो नेहमीचा: पाणी किती द्यायचं? या प्रश्नाचं उत्तर मी आता देत नाही. आठवड्यातून दोनदा, महिन्यातून चारदा, ही सगळी उत्तरं दुसऱ्या कोणाच्या गच्चीची असतात. काट्याने आम्हाला वेगळा प्रश्न दिला होता: पाणी दिल्यापासून कुंडीचं वजन घटायचं थांबेपर्यंत किती वेळ जातो? काकूंच्या रकान्यांत त्याची उत्तरं आहेत. ऑक्टोबरच्या उन्हात नवी कुंडी पाणी देऊन १४.२ किलो, दुसऱ्या दिवशी १३.३, तिसऱ्या दिवशी १२.९ आणि मग स्थिर. म्हणजे दोन दिवस. जानेवारीत त्याच पाण्याला नऊ दिवस लागले. एप्रिलमध्ये सव्वीस तास. कुंडी तीच, झाड तेच, पाणीही तेवढंच.

सुकायला दोन दिवसांपर्यंत लागत असतील तर वजन थांबलं की मनसोक्त पाणी द्यावं, खालून वाहून जाईल इतकं, त्याने क्षारही धुतले जातात. सुकायला तीन-चार दिवसांच्या वर लागू लागले की हात आखडायचा. आठवड्यावर गेले की पाणी जवळपास बंद. थंडीत झाडाने सगळी पानं टाकली तेव्हा काकू पुन्हा धास्तावल्या. पण गड्डा टणक होता, रात्री दहा-बारा अंशांवर आलेल्या होत्या, अशा वेळी पान टाकणं हा त्याचा शहाणपणा. पंधरा दिवसांतून एकदा, दुपारी, अर्धा पेला. कुंडी दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवून, कारण विटांची भिंत दिवसाची ऊब रात्री देते. काटा नसेल तर कुंडी रोज थोडी उचलून पाहावी, आठ दिवसांत हाताला वजन कळायला लागतं. मोठी कुंडी उचलवत नसेल तर बांबूची कोरडी काडी तळापर्यंत खोचून तासाभराने काढावी.

फेब्रुवारीच्या शेवटी कोंब आले, एप्रिलमध्ये सात फुलं. कठड्याजवळ, जाळीशिवाय, ऐन उन्हात. रोज सकाळी पाणी. काकूंना हे सगळ्यांत अवघड गेलं: ज्या पाण्याने मरता मरता वाचलं, तेच पाणी रोज द्यायचं. पण सव्वीस तासांत वजन खाली येत होतं, आकडा समोर होता, तेव्हा त्यांनी दिलं. मेमध्ये मधूनमधून अवकाळी आला, तेव्हा दोन दिवस थांबल्या. कोणाला विचारलं नाही.

झाड पूर्वीसारखं झालेलं नाही, होणारही नाही. गड्ड्याची एक बाजू सपाट आहे, कापाचा करडा व्रण दिसतो, तोल सावरायला फांद्या उजवीकडे झुकवाव्या लागतात. मला तो आकार आधीच्यापेक्षा आवडतो, काकूंना नाही. दोन कलमांपैकी एक माझ्याकडे आहे. दुसरं पुण्याला लेकीकडे गेलं, मातीच्या कुंडीत.

पावसाळ्यासाठी जिन्याच्या बाजूला जाळीऐवजी पारदर्शक पत्रा टाकला, पाऊस अडतो आणि उजेड येतो. आरओचं पाणी आता फरशी पुसायला जातं. त्यासाठी भांडण झालं नाही. काकूंनी जुलै २०२५ पासून वजनाचं काम काकांकडे सोपवलं, एवढंच. परवा गेलो तेव्हा भिंतीवर नवं कॅलेंडर होतं, मागच्या बाजूला जुन्या खात्याच्या वळणाचं अक्षर: तारीख, वेळ, वजन, हवा. सहा दिवसांची झडी सुरू होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शेरा, 'विसर्ग निरंक', आणि खाली सही.